टाकी जुनी होईना: नव्या फिश टँकमधले मासे पुन्हा पुन्हा मरतात तेव्हा

तक्रार सगळ्यांची एकसारखी असते. नवी टाकी आणली, मासे सोडले, चार दिवस घर खूश. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी तांदूळ धुतल्यासारखं दिसायला लागतं. मग मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात, एक जातो, दुसऱ्या दिवशी दुसरा. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: पाणी बदला. आपण सगळं पाणी उपसतो, खडे घासतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळतो आणि नवे मासे आणतो. आठवडा बरा जातो, की पुन्हा पहिल्यापासून.

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी हे तीनदा झालं. चवथीनंतर मुलाने आजीच्या पैशांतून दोन फुटी टाकी घेतली, सोबत चार गोल्डफिश आणि दोन 'शार्क'. ज्या घरात नुस्तं, म्हणजे मासळी, फक्त कढईत पाहिलेलं, तिथे ते काचेत पोहायला लागलं. सतराव्या दिवशी शेवटचा मासा गेला. दुसरी खेप बारा दिवस टिकली. तिसऱ्या खेपेतले दोन गोल्डफिश उरले होते तेव्हा डिचोलीचा मावसभाऊ घरी आला. त्याची टाकी आठ वर्षांची आहे. मी त्याला अभिमानाने दाखवलं, बघ, दर रविवारी कशी लख्ख करतो. तो स्पंज हातात घेऊन म्हणाला, "अरे, तू मासे पाळत नाहीस, भांडी घासतोस."

मला तेव्हा राग आला होता. पण रोग त्याने एका वाक्यात सांगितला. आमची टाकी तीन महिन्यांची दिसत होती, प्रत्यक्षात ती दर रविवारी एक दिवसाची होत होती.

आत काय चाललेलं असतं

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतानाही तो मारक प्रमाणात असू शकतो. जुन्या टाकीत दोन प्रकारचे जिवाणू हे काम निस्तरतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. ही साखळी उभी राहणं म्हणजेच टाकीची 'सायकल' होणं. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

वेळ लागतो कारण हे जिवाणू आळशी असतात. पाणी दुधाळ करणारे कुजवणारे जिवाणू पाऊण-एक तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला बऱ्याचदा अर्धा-एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातला तो दुधाळपणा बघून घाबरू नका, आणि तो आपोआप निवळला म्हणून 'झालं' असंही समजू नका. त्या दोन गोष्टींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तीन खेपा मासे गमावल्यावर कळलं. हे जिवाणू पाण्यात पोहत नसतात. ते स्पंजला, खड्यांना, काचेला बुळबुळीत थर होऊन चिकटलेले असतात, आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये, कारण तिथून प्राणवायू असलेलं पाणी सतत वाहतं. म्हणजे पाणी बदलल्याने सायकलचं जवळजवळ काही बिघडत नाही, पण क्लोरीनच्या नळाखाली स्पंज धुतला की सगळा संसार वाहून जातो. आम्ही नेमकं उलटं समजून बसतो. पाणी बदलायला घाबरतो ("सायकल लांबेल") आणि स्पंज मात्र हौसेने पांढरा करतो.

मासे कधी आणि कसे मरतात, त्यावरून कारण ओळखा

मासे सोडल्यापासून पाच ते बारा दिवसांत मरत असतील, कल्ले लालभडक किंवा सुजलेले दिसत असतील, मासा तळाशी पंख मिटून बसत असेल, तर अमोनिया. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मरत असतील, कल्ले तपकिरी झाले असतील, पाण्यात हवा भरपूर असूनही धापा टाकत असतील, तर नायट्राइट. नायट्राइट रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटकच निकामी करतं, म्हणून पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पाणी बदलल्यावर काही मिनिटांत किंवा त्याच दिवशी मासे वेड्यासारखे इकडेतिकडे धडकायला लागले, तर क्लोरीन किंवा तापमानाचा, पीएचचा (पाण्याच्या आंबटपणाच्या मापाचा) धक्का. पहाटे सगळेच वर आणि दिवस चढल्यावर ठीक, तर प्राणवायू कमी. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये फिल्टरच्या पाण्याने वरचा थर हलता ठेवणं भाग आहे.

आणि सहा आठवडे झाले, तरी अमोनिया हटत नाही, नायट्राइट शून्य, मासे जिवंत पण मलूल. हा शेवटचा प्रकार गोव्यात वारंवार दिसतो असं माझं मत झालं आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण माझी चौथी खेप तिथेच अडकली होती.

आजच करायच्या गोष्टी

मासे आत आहेतच, तर त्यांना बाहेर काढून कुठे ठेवणार? बादलीत तर अमोनिया आणखी लवकर चढतो. टाकीतच ठेवा आणि विष पातळ करत राहा.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि शक्य असेल तर केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा. पट्ट्या स्वस्त असतात, पण बऱ्याच संचांत अमोनियाची पट्टीच नसते, आणि आपल्याला तर पहिल्यांदा तीच हवी. नळीत सांगितल्याइतकं पाणी, बाटलीतले थेंब, आणि सांगितली तेवढी मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट होत गेलं तर अमोनिया चढलेला. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हा रंग वाचू नका. मी एकदा रात्री वाचून 'शून्य' समजलो आणि सकाळी व्हरांड्यात नेल्यावर तीच नळी कच्च्या कैरीच्या सालीसारखी हिरवी निघाली. तेव्हापासून नळी दारात धरूनच बघतो.

पहिले दोन आठवडे रोज मोजा. नियम एकच, आणि तो मी फ्रिजवर चिकटवला आहे: अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेले की त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदलायचं. ०.२५ च्या आसपास असेल तर राहू द्या. जिवाणूंनाही खायला काहीतरी लागतं. हा ०.२५ ते ०.५ चा पट्टा सांभाळत महिना काढणं, एवढीच मासे असतानाची सायकल आहे.

बाकी पथ्यं पटापट सांगतो. खाणं एक दिवसाआड, मिनिटभरात संपेल इतकंच. मासा उपाशी मरत नाही, आपली दया त्याला मारते. या काळात एकही नवा मासा आणायचा नाही. दुधाळपणा घालवणारी औषधं, 'पाणी स्वच्छ करणारे' थेंब, अँटिबायोटिक यांतलं काही टाकू नका. अँटिबायोटिक तर आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंवरही उठू शकतं. हीटरची आपल्याकडे गरज नाही, पाणी बाराही महिने या जिवाणूंना मानवेल इतकं कोमट असतं. इथे निसर्गाने आपल्याला फुकट दिलेली हीच एक सवलत.

पाणी बदलताना

फोंडा आणि तिसवाडीला पाणी येतं ते ओपाच्या प्रकल्पातून, खांडेपार नदीचं. बार्देशात अस्नोड्याचं, दक्षिणेकडे बराचसा भाग साळावलीच्या धरणावर. नदी कुठलीही असो, नळाला क्लोरीन असणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. माणसाला तो हवा, माशाच्या कल्ल्यांना नको. पावसाळ्यात नदी तांबडी होऊन वाहते तेव्हा नळाच्या पाण्याला वासही जास्त जाणवतो. म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवायचं, शक्य तर एअर पंपाचा दगड सोडून, किंवा दुकानातलं अँटी-क्लोरीन, ज्याला जुने लोक हायपो म्हणतात, बाटलीवर लिहिल्या मापाने घालायचं. बादलीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी हाताला सारखंच लागलं पाहिजे.

काही बाटल्यांवर लिहिलेलं असतं की यांनी अमोनियाही 'बांधला' जातो. आणीबाणीला वापरा, पण त्यावर विसंबून पाणीबदल टाळू नका.

स्पंज कधीच धुवायचा नाही का? धुवायचा, पण फक्त पाण्याची धार अडायला लागल्यावर, आणि टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोनदा हलका दाबून. बाहेर काढल्यावर तो घाण दिसलाच पाहिजे. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. आणि फिल्टरच्या डब्यावर 'दर महिन्याला स्पंज बदला' असं छापलेलं असतं, ते विकणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं.

उसना स्पंज

सायकल लवकर उभी करायची तर सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट मिळतो. ज्याच्या टाकीत वर्षभर मासे सुखात आहेत, त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणा. मावसभावाने मला दिला तो तळहाताएवढा तुकडा, रंगाने आपल्या तांबड्या मातीसारखा, पिळला तर कोऱ्या चहासारखं पाणी. त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात, झाकण पूर्ण न लावता मी तो डिचोलीहून आणला आणि घरी पोहोचल्या पोहोचल्या फिल्टरमध्ये खोचला. हे जिवाणू सुकले की मेले, आणि बंद डब्यात प्राणवायू संपला की तेच. वाटेत बाजार करत बसू नका. देणाऱ्याच्या टाकीत रोगराई नाही ना, एवढं मात्र आधी विचारा.

बाटलीतले जिवाणू विकत मिळतात. काही बाटल्या कामाच्या असतात, पण बंद गाडीत आणि उन्हाच्या काचेमागे किती दिवस पडून होत्या यावर सगळं अवलंबून. आणखी एक गोष्ट: जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टर या एकाचंच नाव असायचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू करतात. पुढे २०१५ मध्ये तर नायट्रोस्पिराचाच असा प्रकार सापडला, जो अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटा उरकतो. म्हणून बाटली घेणारच असाल तर लेबलवर कोणाचं नाव आहे ते बघा. माझे पैसे मात्र स्पंजवर.

पाणवनस्पतीही मदत करतात, कारण त्या अमोनिया थेट शोषतात. मनी प्लँटची फांदी वरून मुळं पाण्यात सोडून ठेवली तरी चालते. तळ्यातली शेवाळी-वनस्पती थेट आणून टाकू नका. तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि त्या छोटे मासे खातात.

चौथी खेप: सायकल झाली आणि मोडली

तिसऱ्या खेपेतले उरलेले दोन गोल्डफिश घेऊनच मी पुन्हा सुरुवात केली, आणि स्पंज आल्यावर पहिले तीन आठवडे सोन्यासारखे गेले. अमोनिया ०.२५, नायट्राइट किंचित, नायट्रेट दिसायला लागलेलं. क्लोरीनची कटकट नको म्हणून मी नळ सोडून घरच्या विहिरीचं पाणी वापरायला लागलो होतो. आजोबांच्या काळापासून आम्ही तेच पितो, म्हणजे माशांना चांगलंच, असा माझा हिशेब.

पाचव्या आठवड्यात अमोनिया पुन्हा चढायला लागला. ०.५, मग १, मग २. नायट्राइट शून्य. स्पंजला मी हात लावला नव्हता, खाणं वाढवलं नव्हतं, मासे तेच दोन. पाणी बदललं की उतरायचा, चार दिवसांत पुन्हा वर. पीएच मोजला तो सहाच्या जरा वर. केएच मोजायला घेतला, तर पहिल्याच थेंबाला रंग पालटला. म्हणजे साठा जवळजवळ संपलेला.

कारण आपल्या पायाखाली आहे. जांभ्या दगडात चुन्याचा अंश नगण्य असतो, त्यामुळे जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं. पिताना गोड लागतं ते त्यामुळेच. पण सायकल चालते ती पाण्यातल्या कार्बोनेटवर. जिवाणू अमोनियातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन पचवताना सुमारे ७.१ मिलिग्रॅम क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, संपवतात. केएच १ म्हणजे लिटरमागे जेमतेम १८ मिलिग्रॅम. भागाकार केला तर अडीच मिलिग्रॅम नायट्रोजनमध्ये खिसा रिकामा. माझ्या दोन माशांना त्यासाठी पंधरा-वीस दिवस पुरेसे होते. साठा संपला की पीएच घसरतो, ६.५ च्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या खाली जवळजवळ थांबतात. मी बदलून घालत होतो ते पाणीही त्याच विहिरीचं, म्हणजे रिकाम्या खिशात रिकामा हात.

मग मासे जगले कसे? आंबट पाण्यात अमोनियाचं रूप बदलतं. किट दाखवतं तो एकूण आकडा. त्यातला खरा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. ३० अंशांना पीएच ६ असताना तो ०.१ टक्क्याहूनही कमी, ७ ला ०.८ टक्के, ८ ला साडेसात टक्के. पीएच एकने चढला की विष जवळपास दहापट. म्हणून २ पीपीएममध्ये माझे गोल्डफिश मलूल होते, पण जिवंत होते.

आणि इथेच मी घोडचूक करणार होतो. घाबरून मी नळाच्या पाण्याच्या तीन बादल्या भरून ठेवल्या. आमच्या नळाचा पीएच साडेसातच्या वर येतो. रात्री मावसभावाला फोन केला, तर तो ओरडलाच. "तीन बादल्या एकदम ओतशील तर सकाळी त्यांना उचलायलाच यावं लागेल मला!" गणित त्याचं बरोबर होतं. पीएच झटक्यात चढला असता तर अमोनिया अर्धा होऊनही त्यातला विषारी भाग कित्येक पटींनी वाढला असता. ०.०५ पीपीएम विषारी अमोनिया कल्ल्यांना इजा करायला पुरेसा असतो.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी त्याच आंबट पाण्याने, म्हणजे विहिरीच्याच, दोन-तीन बदल करून एकूण अमोनिया ०.५ पर्यंत खाली आणायचा. मग हळूहळू केएच वाढवायचा. मी रोज दहा-पंधरा टक्के पाणी नळाचं घातलं, क्लोरीन उडवून. ज्यांना नळाचं पाणीही मऊ मिळतं त्यांनी खायचा सोडा वापरावा. बेकिंग पावडर नव्हे, साधा सोडा. १०० लिटरला तीन ग्रॅम घातल्यास केएच साधारण एकने वाढतो. आमच्या दोन फुटी टाकीत खडे आणि वरची जागा वजा जाता ४५ लिटर पाणी, म्हणजे पाव छोटा चमचा. तो मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात थोडा थोडा ओतायचा, आणि दिवसाला एवढाच. केएच तीन-चारवर आला की थांबायचं.

सोडा आजचं भागवतो. कायमचा उपाय आमच्या केराच्या टोपलीत निघाला. रविवारी तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्यांचा ढीग बाहेर जायचा. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. मूठभर शिंपल्या घासून, मांसाचा कण न ठेवता, दहा मिनिटं उकळल्या, दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि पाट्यावर जाडसर फोडल्या. जुन्या मोज्याच्या तुकड्यात बांधून ती पुरचुंडी फिल्टरमध्ये, पाण्याच्या वाटेवर ठेवली. मसाल्यात शिजलेल्या शिंपल्या घेऊ नका, तेल आणि हळद निघता निघत नाही. बायको आता शिजवण्याआधीच थोड्या बाजूला काढते, उघडून गर कढईत आणि कवच माझ्या ताटलीत. याची गंमत अशी की पाणी आंबट झालं की शिंपली जास्त विरघळते, पाणी सावरलं की तिचं विरघळणं मंदावतं. माप काढत बसावं लागत नाही. तीन-चार महिन्यांनी पुरचुंडी हलकी लागली की नवी.

पीएच सातवर स्थिरावल्यानंतर आठव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला. त्याच सुमारास नायट्राइट मात्र १ वर चढलं, जे अपेक्षितच होतं: पहिल्या जिवाणूंचं काम सुरू झालं की दुसरे काही दिवस मागे असतात. इथे मीठ कामाला येतं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला आत येऊ देत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम पुरतं. मी मिठागराचं जाडं मीठ घेतलं, ४५ लिटरला एक छोटा सपाट चमचा, विरघळवून. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच घाला. आणि पाणीबदल थांबवायचे नाहीत.

वीज गेली तर

ही अडचण पुढच्या जूनमध्ये आली. पहिल्या वाऱ्यातच फांदी तारेवर पडली आणि रात्रभर वीज नव्हती. फिल्टर थांबला की त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, आणि बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तर काही तासांत आत सडायला लागतं. वीज आली की ते सडलेलं पाणी थेट टाकीत. म्हणून दोन-तीन तासांहून जास्त जाणार असं दिसलं की स्पंज काढून टाकीतच तरंगत ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने मगाने पाणी उंचावरून ओतायचं. आता मी बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवला आहे. एअर पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं खाली येतं. आमच्या शोकेसमधल्या मुलाच्या वह्या अशाच भिजल्या. वीज नसताना खायला अजिबात घालू नका.

झाली हे कसं ओळखायचं

नेहमीएवढं खाणं घालूनही सलग आठ दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढतं. तिन्ही हवेत. नायट्रेटही शून्यच असेल तर एकतर सायकल झालेली नाही, नाहीतर वनस्पती सगळं खातात किंवा किटची बाटली नीट हलवलेली नाही. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली जोरजोरात हलवावी लागते. त्यानंतर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नायट्रेट ४० च्या खाली ठेवा आणि नवे मासे एका वेळी एक-दोनच, मध्ये दोन आठवडे सोडून. जिवाणू असतात ते आहेत तेवढ्या माशांपुरतेच, सहा नवे एकदम आणलेत तर पुन्हा अमोनिया दिसेल.

गोल्डफिशबद्दल एक कबुली देऊन टाकतो. ४५ लिटरमध्ये दोन गोल्डफिश ही मुळातच दाटी आहे, ते घाण फार करतात आणि वाढतातही. माझे दोघे आता डिचोलीच्या मोठ्या टाकीत आहेत, आमच्याकडे सहा झेब्रा डॅनियो. आणि 'शार्क' म्हणून बोटाएवढे विकतात ते पंगस मासे असतात, मोठे झाले की मीटरभर होतात. दुकानात ते कोणी सांगत नाही.

गेल्या शिगम्याला आम्ही चार दिवस गावी गेलो. मासे चार दिवस उपाशी राहू शकतात हे मी घरात सांगितलं होतं, पण शेजारच्या काकींना कुणीतरी चावी दिली. त्यांनी प्रेमाने रोज मूठभर भिजवलेले पोहे घातले. आलो तेव्हा तळाशी पांढरा थर, अमोनिया १. पोहे नळीने ओढून काढले, संध्याकाळी अर्धं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. स्पंजला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नळी दारात धरली तर पिवळी.